मदत हवी आहे: ट्रीसेटमधून खेळाडूचा क्रमांक झटपट कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

जावामध्ये एका खेळाची गुणतालिका करतोय. खेळाडू ट्रीसेटमध्ये (घटक कायम क्रमाने ठेवणारा जावाचा संच) ठेवलेत. दोन खेळाडूंत आधी कोण हे ठरवणारा कंपॅरेटर आधी गुण बघतो, जास्त गुणवाला वर. गुण सारखे असतील तर आयडी. आयडी गाळून चालत नाही, कारण दोन घटक एकच आहेत का हे ट्रीसेट 'इक्वल्स' या मेथडला विचारतच नाही. कंपॅरेटरने शून्य दिलं की त्याच्या लेखी तो घटक आधीच आत आहे, आणि नवा खेळाडू गुपचूप बाहेर राहतो. गुण बदलायचे तर खेळाडू आधी काढतो, बदलतो, पुन्हा घालतो. इथवर सगळं छान चालतं.

अडतंय ते "मी कितवा?" या प्रश्नावर. तो प्रत्येकाला दर डावानंतर हवा असतो. सध्या हेडसेटची, म्हणजे त्या खेळाडूच्या वरच्या सगळ्यांच्या संचाची, साइझ घेतो. एका ओळीचं काम, पण हेडसेट म्हणजे नुसता व्ह्यू (वेगळी प्रत नव्हे, मूळ संचाकडेच बघणारी खिडकी), त्याची साइझ विचारली की आतले घटक एकेक करून मोजले जातात. तालिकेत लाख खेळाडू असले तर तळाच्या माणसासाठी जवळजवळ लाख पावलं!

सॉर्ट केलेल्या अ‍ॅरेलिस्टवर (एकापुढे एक ठेवलेली यादी) बायनरी सर्चने, म्हणजे दरवेळी अर्धी यादी गाळत, क्रमांक लगेच मिळतो, पण मध्ये कुणी घातला की पुढचे सगळे सरकवावे लागतात. पायथनच्या सॉर्टेडकंटेनर्स लायब्ररीत क्रमांक झटपट काढायची सोय आहे, जीसीसी या सी++ कंपायलरच्या पीबीडीएस लायब्ररीतही आहे. जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीत नाही. प्रत्येक नोडमध्ये (झाडाच्या गाठीत) खालच्या घटकांची संख्या ठेवणारं रेड-ब्लॅक ट्री (स्वतःचा तोल राखणारं झाड) लिहायची तयारी आहे, पण तोल राखायला नोड फिरवताना, म्हणजे रोटेशनमध्ये, त्या संख्या सांभाळणं नाजूक काम. दुसरा मार्ग आहे का? गुण पूर्णांक आहेत, ० ते १०,०००.

उत्तर:
गुणांना मर्यादा आहे ना, मग रेड-ब्लॅक ट्रीच्या वाटेला जाऊच नका. फेनविक ट्री (ओळीने असलेल्या खणांची बेरीज झटपट देणारी रचना) वापरा, पन्नासेक ओळींत होतं. प्रत्येक गुणाला एक खण, खणात तेवढे गुण असलेल्यांची संख्या. गुण बदलले की जुन्या खणात एक वजा, नव्यात एक अधिक. खेळाडू कितीही असोत, तुमच्या वर किती जण हे फार तर चौदा बेरजांत कळेल. खण १ पासून मोजा, ० चालत नाही. पहिल्या दहांच्या यादीसाठी ट्रीसेट राहू द्या. सारख्या गुणांना क्रमांक एकच द्यायचाय का?

प्रश्नकर्ता:
हो, एकच. आज रात्रीच लिहून बघतो. मनापासून आभार!

उत्तर:
मग एवढं पुरे. फक्त अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) असतील तर ट्रीसेट आणि फेनविक ट्री एकाच लॉकखाली (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) बदला, नाहीतर यादी एक सांगेल आणि क्रमांक दुसरंच.