पत्ते मोजणाऱ्याला टेबलावरून उठवणं योग्य आहे का?

पर्वरीकर: पुण्याहून आलेल्या माझ्या आतेभावाला गोव्यात मांडवी नदीतल्या एका कॅसिनो बोटीवर ब्लॅकजॅकच्या, म्हणजे २१ च्या जवळ जायच्या पत्त्यांच्या जुगाराच्या, टेबलावरून उठवलं. 'सर, दुसरा कुठलाही गेम खेळा, हा नको.' खुणेचे पत्ते नाहीत, हातात मोबाइल नाही. तो मनात मोजत होता, बस्स. २ ते ६ पडला की अधिक एक, दश्शी, राजा-राणी-गुलाम, एक्का पडला की उणे एक, ७-८-९ ला शून्य. बेरीज चढली, म्हणजे खेळणाऱ्याच्या फायद्याचे मोठे पत्ते अजून यायचे आहेत, की बेट, म्हणजे लावलेली रक्कम, वाढवायची. हरणाऱ्याला पहाटेपर्यंत बसू देता आणि डोकं चालवणाऱ्याला उठवता? हा सरळ अन्याय आहे.

म्हापशाचा वकील: गुन्हा आहे असं कोण म्हणतंय? पोलीस नाही ना बोलावले? टेबलावर उघडे पडलेले पत्ते लक्षात ठेवणं ही फसवणूक नव्हेच. पण कोणाशी खेळायचं हे धंदेवाल्याने ठरवायचं. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातही मोजणाऱ्याला बाहेर काढतातच. आणि दाद कशावर मागणार? १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करारच निरर्थक ठरवतं.

पर्वरीकर: वकीलसाहेब, हे किराणा दुकान नव्हे. बाकी राज्यात जुगाराला बंदी आणि यांना सरकारी परवाना! मग सरकारने अटीही घालाव्यात. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये केन उस्टन या पत्ते मोजणाऱ्या खेळाडूच्या बाजूने निकाल दिला: नियामक आयोगाचा तसा नियम नसताना निव्वळ मोजतो म्हणून कॅसिनोने बाहेर काढायचं नाही. पत्ते लवकर पिसा, बेटची मर्यादा खाली आणा. माणसाला कशाला उठवता?

साखळीची सून: दादा, पण त्याची किंमत कोण देणार? मोजणारे वाढले की कॅसिनो नियम आवळतो. १०० रुपयांच्या बेटवर ब्लॅकजॅक लागला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता आला, की ३ ला २ या हिशेबाने १५० मिळतात. तेच ६ ला ५ केलं की १२०. हा फटका सहज म्हणून बसलेल्या पर्यटकाला. तुमच्या आतेभावाचं गणित पक्कं असेल, पण मला त्याच्यापेक्षा त्या माणसाची काळजी वाटते.

पर्वरीकर: वहिनी, ६ ला ५ करायला मोजणाऱ्यांची वाट कोणी बघत नाही. जिथे गिऱ्हाईक मुकाट बसतं, तिथे तेच चालतं.

म्हापशाचा वकील: उठवण्याचा हक्क कॅसिनोचाच, यावर मी ठाम आहे. मात्र 'पत्ते मोजणाऱ्यास खेळू दिले जाणार नाही' हे तिकीट खिडकीवर मराठी-कोंकणीत लिहायला लावा. तशा अर्जाचा मसुदा मी करून देतो.

पर्वरीकर: मसुदा पाठवा, सही करतो. पण त्यात 'उठवलेल्याचे प्रवेशाचे पैसे परत' हेही घाला.