मॅक्सिमम-प्रीफिक्स: बीजीपी सेशन पाडायचं की नुसती वॉर्निंग?

पॅकेटपुणेकर:
बीजीपी म्हणजे नेटवर्कं एकमेकांना 'हे पत्ते माझ्याकडून मिळतील' असं सांगतात तो प्रोटोकॉल; असा पत्त्यांचा एकेक गट म्हणजे प्रीफिक्स किंवा राउट. परवा एका छोट्या आयएसपीच्या एज राउटरचं (बाहेरच्या नेटवर्कना जोडणारा राउटर) कॉन्फिग बघत होतो. सगळ्या ईबीजीपी नेबरना (बीजीपीने जोडलेली दुसऱ्यांची नेटवर्कं) रिमोट-एएस, डिस्क्रिप्शन, एमडी५ पासवर्ड, सगळं व्यवस्थित, आणि मॅक्सिमम-प्रीफिक्स (नेबरकडून जास्तीत जास्त किती राउट घ्यायचे ते लिमिट) जिथे आहे तिथे शेवटी वॉर्निंग-ओन्ली, म्हणजे लिमिट ओलांडलं तरी सेशन न पाडता नुसती सूचना. मग लावलंच कशाला? वॉर्निंग म्हणजे सिसलॉगमध्ये (राउटरच्या नोंदींत) एक ओळ, आणि रात्री दोनला सिसलॉग कोण वाचतंय. माझं सरळ मत आहे, प्रत्येक ईबीजीपी नेबरला लिमिट हवं आणि ते ओलांडलं की सेशन पडलंच पाहिजे. २४ जून २०१९ आठवा. अमेरिकेत डीक्यूई नावाच्या प्रोव्हायडरच्या बीजीपी ऑप्टिमायझरने (ट्रॅफिक वळवायला राउटचे तुकडे करणारं सॉफ्टवेअर) बनवलेले बारीक तुकड्यांचे राउट त्यांच्या एका स्टील कंपनी कस्टमरकडे गेले, त्या कस्टमरने ते वर व्हेरायझनला दिले आणि व्हेरायझनने जगाला वाटले. क्लाउडफ्लेअर, अ‍ॅमेझॉन सगळ्यांचा ट्रॅफिक त्या चिंचोळ्या वाटेला लागला. मूठभर राउट द्यायचा हक्क असलेला कस्टमर हजारो राउट देतोय, तिथे एका ओळीच्या लिमिटने सेशन पडलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

रात्रपाळी_एनओसी:
दादा, तुम्ही कॉन्फिग बघून घरी जाता, फोन आम्हाला येतो. सिस्कोवर लिमिट ओलांडलं की समरीमध्ये त्या नेबरसमोर आयडल आणि कंसात पीएफएक्ससीटी (प्रीफिक्स काउंट) असं दिसतं, आणि रिस्टार्ट (ठराविक वेळाने सेशन आपोआप उठवणं) दिलेलं नसेल तर कुणीतरी क्लिअर कमांड मारेपर्यंत ते तसंच पडून राहतं. आमच्याकडे एका कस्टमरला लिमिट ठेवलं होतं २५, त्याचे राउट वीसेक. त्याच्यावर डीडॉस (नेट बुडवायला पाठवलेला ट्रॅफिकचा पूर) आला, त्याने हल्ला झालेल्या आयपींचे /३२ (एकेका आयपीचे राउट) ब्लॅकहोल कम्युनिटी ('याचा ट्रॅफिक फेकून द्या' अशी खूण) लावून पाठवायला सुरुवात केली, २५ पार झाले आणि आमच्या राउटरने सेशन पाडलं. म्हणजे हल्ला करणाऱ्याला जे जमत नव्हतं ते आम्ही करून दिलं. त्यानंतर वरून ऑर्डर आली की सगळीकडे वॉर्निंग-ओन्ली, आणि मला ती पटते.

पॅकेटपुणेकर:
हे लिमिट चुकीचं ठेवल्याचं उदाहरण झालं, लिमिट चुकीचं असल्याचं नाही. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी तार गुंडाळतात तसं झालं हे. वीस राउटवाल्याला शंभर द्या ना, फुल टेबल (सगळ्या इंटरनेटचे राउट) लीक झालं तर तो काही शंभरावर थांबणार नाहीये. आणि ब्लॅकहोलसाठी वेगळं सेशन घ्या, त्याला वेगळं लिमिट.

लूपबॅक_ताई:
तुम्ही दोघंही चुकीच्या ओळीवर भांडताय असं मला वाटतं. मॅक्सिमम-प्रीफिक्स फक्त मोजतं, काय आलंय ते बघत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने युट्यूबचा एक /२४ (२५६ आयपींचा राउट) देशात बंद करायला म्हणून अनाउन्स केला, तो त्यांच्या वरच्या प्रोव्हायडरने, पीसीसीडब्ल्यूने, पुढे ढकलला आणि युट्यूब जगभर दोनेक तास गायब. किती राउट होते? एक. कुठलं लिमिट अडवणार होतं त्याला? तिथे कस्टमरसाठी प्रीफिक्स-लिस्ट (कुठले राउट घ्यायचे त्याची यादी) हवी होती, आज असतं तर आरपीकेआय व्हॅलिडेशन (राउट द्यायचा हक्क त्या नेटवर्कला आहे का याची तपासणी) पण. आधी फिल्टर, मग मोजणी. २०१७ च्या आरएफसी ८२१२ या इंटरनेट मानकात तर स्पष्ट लिहिलंय की ईबीजीपी नेबरला पॉलिसी (काय घ्यायचं-द्यायचं त्याचे नियम) नसेल तर राउट घेऊही नका आणि देऊही नका. एफआरआर या ओपन-सोर्स राउटर सॉफ्टवेअरमध्ये ते बाय डिफॉल्ट चालू असतं, समरीत राउटच्या आकड्याच्या जागी कंसात पॉलिसी असं येतं. मग आपली पोरं काय करतात? नेटवर शोधतात, नो बीजीपी ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसी ही ओळ सापडते, पेस्ट करतात, राउट आले, काम झालं, चहाला चला 😑

रात्रपाळी_एनओसी:
ताई फिल्टरचं शंभर टक्के मान्य. आमच्याकडे कस्टमरना प्रीफिक्स-लिस्ट आहे, म्हणूनच तर म्हणतोय की लिस्ट असताना वर सेशन पाडणारं लिमिट कशाला?

लूपबॅक_ताई:
कारण लिस्ट माणूस लिहितो. राउट-मॅपमध्ये (लिस्ट नेबरला लावणाऱ्या नियमांत) शेवटी एक रिकामं परमिट, म्हणजे 'काहीही चालेल', राहिलं की लिस्ट असून नसल्यासारखी, आणि ते महिनोन्‌महिने कळत नाही. त्या दिवशी लिमिट कामाला येतं. आणि जुनिपरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तिथे प्रीफिक्स-लिमिट फिल्टरच्या आधीचे राउट मोजतं आणि अ‍ॅक्सेप्टेड-प्रीफिक्स-लिमिट फिल्टरमधून पास झालेले. कस्टमर काय काय पाठवतोय ते पकडायचं तर पहिलं लावा, नुसतं दुसरं लावलं तर फिल्टर नीट चालू असेपर्यंत लीकचा पत्तासुद्धा लागणार नाही.

डिफॉल्टरूट:
कस्टमरचं ठीक आहे हो, अपस्ट्रीमचं, म्हणजे आपल्याला इंटरनेट देणाऱ्या प्रोव्हायडरचं, काय? आम्ही दोन प्रोव्हायडरकडून फुल टेबल घेतो. आयपीव्ही४ चं टेबल दहा लाखाच्या घरात आलंय. समजा दोन्ही नेबरना कुणीतरी पाच वर्षांपूर्वी दहा लाख लिमिट टाकून ठेवलंय. टेबल वाढलं की एक सेशन पडेल आणि पाठोपाठ दुसरंही पडेल, कारण दोघं तेच टेबल देतायत. दोन लिंकचे पैसे भरून ऑफिस अंधारात. इथे तरी वॉर्निंग-ओन्लीच पाहिजे, यावर मी हटणार नाही.

पॅकेटपुणेकर:
आणि राउटरच्या टीकॅममध्ये (राउट ठेवायच्या वेगवान मेमरीत) तेवढी जागाच नसेल तर? १२ ऑगस्ट २०१४ ला टेबल ५१२के (पाच लाखांवर) राउटच्या वर गेलं तेव्हा सिस्कोच्या जुन्या ६५००, ७६०० वर हेच झालं होतं, आयपीव्ही४ ला डिफॉल्ट जागा तेवढीच, वरचे राउट सॉफ्टवेअरवर आले आणि सीपीयू तापला. सेशन वर, नेट मात्र कुणाचंच धड नाही. त्यापेक्षा स्वच्छ पडलेलं बरं.

डिफॉल्टरूट:
स्वच्छ पडलेलं तुम्हाला बरं. आमच्या साहेबांना हळू चाललेलं नेट चालतं, बंद पडलेलं चालत नाही.

लूपबॅक_ताई:
@डिफॉल्टरूट तुमचा मुद्दा मला पटतो, अपस्ट्रीमच्या लिमिटचा आकडा हार्डवेअर बघून ठरवायला हवा, टेबल बघून नाही. पण दोन लिंकच्या ऑफिसला फुल टेबल हवंय कशाला हा प्रश्न आधी विचारा. दोघांकडून डिफॉल्ट राउट घ्या, फार तर प्रोव्हायडरचे स्वतःचे आणि त्यांच्या कस्टमरचे राउट, आणि मग लिमिट बिनधास्त पाडणारं ठेवा. पिअरिंगला (दोन नेटवर्कं थेट जोडून आपापसातला ट्रॅफिक देतात-घेतात तिथे) मात्र वॉर्निंग-ओन्ली मला कधीच मान्य होणार नाही, पिअरिंगडीबी या सार्वजनिक यादीवर समोरच्याने स्वतःचा आकडा लिहिलेला असतो, तो बघायला एक मिनिट लागतं.

रात्रपाळी_एनओसी:
तो आकडा पण लोक वर्षानुवर्षं अपडेट करत नाहीत ताई 😄 असो. मी उद्या मॅनेजरना विचारतो, लिमिट पाचपट आणि थ्रेशोल्ड (लिमिटच्या किती टक्क्यांवर वॉर्निंग द्यायची) डिफॉल्ट ७५ वरून खाली ५० वर आणू का, म्हणजे पडायच्या बऱ्याच आधी अलर्ट येईल. अलर्ट मेलवर नको, फोनवर. रिस्टार्ट ३० मिनिटं ठेवावं का?

पॅकेटपुणेकर:
कस्टमरला रिस्टार्ट नको. लीक चालूच असेल तर दर अर्ध्या तासाने सेशन उठेल, पुन्हा पडेल, आणि प्रत्येक वेळी तो कचरा थोडा वेळ पुढे जाईल. हाताने क्लिअर मारा, आधी कस्टमरशी बोलून.

रात्रपाळी_एनओसी:
म्हणजे फोन पुन्हा आम्हालाच.