एकत्र पाणीयोजना: वाहिनी सगळ्यांची, मग मत कुणाचं?

उतारावरचा
शेजारच्या गावा-शहरांनी आपापली पंपघरं सांभाळण्यापेक्षा एकच प्रादेशिक योजना चालवावी, असं माझं ठाम मत आहे. लहान गाव कर्ज काढून जलशुद्धीकरण केंद्र बांधतंही. पण चोवीस तास प्रशिक्षित माणूस आणि पाण्याची नियमित तपासणी त्याला झेपत नाही. जर्मनीत १९५४ साली १३ शहरं-गावांनी बोडेन सरोवराचं पाणी आणायला संघ काढला. आज सुमारे ४० लाख लोक ते पाणी पितात. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हतं.

शेवटचा नळ
असहमत. माझं घर अशाच एका वाहिनीच्या टोकाला आहे. वरची गावं ठरल्यापेक्षा जास्त ओढतात, आमच्याकडे दाब उरत नाही, लांबच्या प्रवासात क्लोरीनही कमी होतो. तक्रार केली की गाव योजनेकडे बोट दाखवतं आणि योजना गावाकडे. आणि उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, एकच असला की मुख्य वाहिनी फुटल्यावर सगळेच कोरडे.

उतारावरचा
टोकाचा त्रास खरा आहे. म्हणूनच प्रत्येक वेशीवर घाऊक मीटर आणि प्रवाह रोखणारी झडप हवी, गावात स्वतःचा जलकुंभ हवा. जुन्या विहिरी बुजवू नयेत, हेही मान्य.

थेंबथेंब
तुम्ही दोघं नळांबद्दल बोलताय. मला अधिकाराचं महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतलं फ्लिंट शहर १९६७ पासून डेट्रॉईटकडून पाणी घ्यायचं, पण ग्राहक म्हणून, मालकीत वाटा नाही. दर वाढत गेले, शहराने दुसऱ्या प्रादेशिक योजनेत जायचं ठरवलं आणि ती वाहिनी होईपर्यंत, एप्रिल २०१४ मध्ये, नदीचं पाणी सुरू केलं. नळांची झीज रोखणारी प्रक्रिया केलीच नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं, ते मुलांच्या पोटात गेलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा डेट्रॉईटचंच पाणी.

उतारावरचा
म्हणजे एकत्र राहण्यातच शहाणपण होतं!

शेवटचा नळ
अर्धीच गोष्ट धरू नका. तेव्हा शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाच्या हाती होता. लोकांनी निवडलेल्यांचं चालतच नव्हतं. निर्णय लांब गेला की असं होतं, हेच मी म्हणतोय.

थेंबथेंब
निर्णय जवळ ठेवूनही एकत्र येता येतं. फ्लोरिडात टॅम्पा खाडीभोवतीच्या तीन काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आणि तीन शहरं विहिरींच्या उपशावरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होती, तळी आणि पाणथळी आटत होत्या. १९९८ साली सहाही जण एका संस्थेत आले, घाऊक दर सगळ्यांना एकच. नऊ जणांचं मंडळ, सगळे निवडून आलेले.

शेवटचा नळ
त्या नऊमध्ये काउंटींची दोन-दोन मतं आणि शहरांचं एकेक. म्हणजे तिन्ही काउंटी एक झाल्या तर शहरांचं काय? लोकसंख्येप्रमाणे मतं दिली तरी लहानांची तीच गत.

उतारावरचा
आणि गावागणिक एक मत दिलं, तर मोठं शहर भांडवल का घालेल? म्हणून मी मतांपेक्षा करारावर भर देईन. खर्च हिश्श्याप्रमाणे, पण टंचाईतली कपात सगळ्यांना सारख्याच टक्क्यांनी, आणि हे पहिली वाहिनी टाकण्याआधी लिहून घ्यायचं.

शेवटचा नळ
हे कलम असेल तर मी विरोध सोडतो. मात्र टोकाच्या मीटरचा आकडा रोज सगळ्या गावांना दिसला पाहिजे. तेही त्याच करारात लिहा.