‘ब्लो इन’ वाक्यात कसं वापरायचं?

शब्दखूळ

‘ब्लो इन’ या फ्रेझल व्हर्बचे दोन अर्थ शब्दकोशात सापडतात: वाऱ्याबरोबर येणं आणि माणसानं अचानक येणं. अर्थ कळतो, वाक्य करायला बसलं की अडतं. ही माझी चार वाक्यं:

१. ‘अ स्टॉर्म ब्लोड इन लास्ट नाइट.’
२. ‘द डस्ट ब्लू इन द रूम.’
३. ‘द पार्सल ब्लू इन धिस मॉर्निंग.’
४. ‘माय अंकल वॉज ब्लोन इन यस्टर्डे.’

चारही कानाला खटकतात. नेमकं कुठे चुकतंय? आणि साधं ‘कम इन’ असताना हे कधी वापरायचं?

पदच्छेद

चारही चुकलीत, पण चार निरनिराळ्या कारणांनी.

पहिल्यात फक्त रूप चुकलंय. ब्लो, ब्लू, ब्लोन अशी ती तीन रूपं. ‘ब्लोड’ प्रमाण इंग्रजीत चालत नाही. (भूतकाळाच्या ‘ब्लू’चा उच्चार निळ्या रंगासारखाच होतो, स्पेलिंग वेगळं. देवनागरीत लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात, त्याला इलाज नाही.)

दुसरी चूक सगळ्यात जास्त होते. ‘ब्लो इन’मधलं ‘इन’ म्हणजे नुसतं ‘आत’. ते पुढच्या नामाला चिकटत नाही. ‘ब्लू इन द रूम’ ऐकल्यावर धूळ खोलीतल्या खोलीतच उडत होती असं वाटतं. जागा सांगायची असेल तर ‘इनटू’ घ्या: ‘डस्ट ब्लू इनटू द रूम.’ वाट सांगायची तर ‘थ्रू’: ‘डस्ट ब्लू इन थ्रू द विंडो.’ कुठून आलं ते सांगायला ‘फ्रॉम’, आणि समुद्रावरून आलेल्या वाऱ्याला ‘ऑफ’: ‘अ कोल्ड विंड ब्लू इन ऑफ द सी.’

तिसऱ्यात कर्ता चुकला. वाऱ्यानं वाहून येईल अशी वस्तू हवी: धूळ, वाळू, पानं, धूर, बर्फ, पाऊस. ‘अचानक येणं’ हा लाक्षणिक अर्थ माणसांपुरता आहे. पार्सलला ‘अराइव्ह’ किंवा ‘कम’ पुरे.

चौथ्यात कर्मणी प्रयोग आला आणि वाऱ्यानं काकांना खरोखरच उचलून आत आणून टाकलं. माणूस आपणहून येतो, म्हणून कर्तरीच ठेवा: ‘माय अंकल ब्लू इन यस्टर्डे.’

‘कम इन’ आणि ‘ब्लो इन’ यांत फरक सुराचा आहे. ‘ब्लो इन’मध्ये न कळवता येणं असतं, शिवाय थोडा बेफिकीरपणा. आपण ‘टपकला’ किंवा ‘उगवला’ म्हणतो त्याच्या जवळचं. त्यामुळे ते अर्जात, अहवालात घालू नये, आणि ज्यांना अहोजाहो करता त्यांच्याबद्दल जपून. ‘प्रिन्सिपल ब्लू इन’ म्हणजे जवळपास ‘प्रिन्सिपल टपकले’.

पश्चिमवारा

हवामानाच्या अर्थाबद्दल थोडी भर. ‘अ स्टॉर्म इज ब्लोइंग इन’ म्हणजे वादळ अजून पोचलेलं नाही, येतंय, आकाश भरून आलंय. ‘हॅज ब्लोन इन’ म्हणजे आलं, आता इथे आहे.

पण हवेतलं सगळंच ‘ब्लो इन’ होत नाही. धुक्याला ‘रोल इन’ शोभतं, कारण ते संथ पसरत येतं, जोराचा वारा असेल तर विरूनच जाईल. वासाला ‘ड्रिफ्ट इन’. उष्णतेची लाट किंवा दिवसेंदिवस मुक्काम ठोकणारा पाऊस असेल तर ‘सेट इन’. चक्रीवादळ किनाऱ्याला धडकलं अशी बातमी लिहिताना ‘मेड लँडफॉल’ लिहा. तिथे ‘ब्लू इन’ हलकं पडतं.

उलट एका ठिकाणी हे क्रियापद अगदी चपखल बसतं. खिडकीतून पावसाची झड आत येते ना, त्याला ‘द रेन इज ब्लोइंग इन’. ‘फॉलिंग इन’ लिहिलंत तर छप्पर गळतंय असं वाटेल.

उंबरठा

वर कर्मणी प्रयोग चुकीचा म्हटलंय ते माणसाच्या अर्थापुरतं खरं. ‘ब्लो इन’ सकर्मकही आहे, वाऱ्याच्या किंवा स्फोटाच्या दाबानं काहीतरी आतल्या बाजूला फुटणं किंवा कोसळणं या अर्थी: ‘द ब्लास्ट ब्लू द विंडोज इन.’ इथे ‘द विंडोज वेअर ब्लोन इन’ बिनचूक आहे. नाम मध्ये ठेवा किंवा शेवटी, दोन्ही चालतं. सर्वनाम मात्र मध्येच: ‘ब्लू देम इन’. ‘ब्लू इन देम’ नाही.

नामही आहे, ‘ब्लो-इन’, मध्ये जोडरेघ. आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात बाहेरून येऊन राहिलेल्या माणसाला म्हणतात. आपल्या ‘उपरा’ इतकं ते नेहमी बोचत नाही, चेष्टेतही म्हणतात, पण ‘तू इथला नव्हेस’ हे त्यात असतंच.

शब्दखूळ

आभार. पुन्हा प्रयत्न:

‘शी ब्लू इन ॲट मिडनाइट विदाउट कॉलिंग.’
‘लीव्ह्ज ब्लू इनटू द हॉल व्हेन आय ओपन्ड द डोअर.’
‘इन ब्लू ही, स्माइलिंग.’
‘द गेस्ट्स विल ब्लो इन ॲट सिक्स, ॲज प्लॅन्ड.’

पदच्छेद

पहिली दोन चोख.

तिसऱ्यात ‘इन’ पुढे आणण्याची कल्पना छान, पण कर्ता सर्वनाम असेल तर क्रम उलटत नाही: ‘इन ही ब्लू, स्माइलिंग.’ नाम असेल तरच उलटतो: ‘इन ब्लू माय अंकल.’ आणि हे गोष्ट रंगवून सांगतानाच, एरवी नाटकी वाटतं.

चौथ्यात व्याकरण ठीक आहे, पण ‘ॲज प्लॅन्ड’नं घोळ केला. ठरवून सहाला येणारे पाहुणे ‘अराइव्ह’ होतात. ‘ब्लो इन’च ठेवायचं असेल तर ठरलेलं काढा आणि बेभरवसा घाला: ‘दे माइट ब्लो इन एनी टाइम.’