रोजच्या वापराला क्लोरहेक्सिडिन नको

भावाच्या तोंडाला ब्रश करूनही वास येतो, कोणता माउथवॉश घ्यावा, असं एकाने विचारलंय; त्यावर कुणीतरी क्लोरहेक्सिडिनचा (जंतू मारणाऱ्या औषधाचा) माउथवॉश रोज वापरायला सांगितलंय. कृपया तसं करू नका. हिरड्या सुजल्या असतील तर डेंटिस्ट तो आठवडा-दोन आठवड्यांसाठी देतात. जास्त दिवस वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चवही बिघडते. शिवाय पेस्टनंतर लगेच वापरला तर पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे त्याचा असर कमी होतो. मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्या.

रोजच्यासाठी बाटलीमागचे घटक वाचा. झिंक असेल तर उत्तम, कारण वास मुख्यतः गंधकाच्या वायूंचा असतो आणि झिंक त्यांना बांधून ठेवतं. सोबत सेटिलपिरिडिनियम क्लोराइड असेल तर जंतूही कमी होतात. अल्कोहोलवाला टाळा, विशेषतः तोंड कोरडं पडत असेल तर.

पण आधी जीभ बघा हो! अगदी मागे, घशाजवळ पांढरट-पिवळा थर दिसतो ना, बहुतेकदा वास तिथलाच असतो. उलटी येईल म्हणून आपण पुढचीच जीभ घासतो. श्वास बाहेर सोडत जीभ साफ करायची पट्टी मागून पुढे ओढा, उमासे कमी येतात. हिरड्यांतून रक्त येत असेल तर मात्र थेट डेंटिस्टकडे न्या.