‘मदत बंद झाली ते बरंच झालं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

रोडरोलर:
काल एका चर्चेत वाचलं: ‘साठ वर्षं परदेशी पैसा ओतला, आफ्रिका आहे तिथेच आहे. अमेरिकेने २०२५ मध्ये यूएसएड ही परदेशी मदत वाटणारी सरकारी संस्था गुंडाळली ते बरंच झालं.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पूर्व आफ्रिकेत परदेशी कर्जातून चाललेल्या एका रस्त्यावर मी साइट इंजिनिअर होतो. खडी, डांबर, मोऱ्या, सगळं निविदेबरहुकूम झालं. काही वर्षांनी त्याच रस्त्याने गेलो तर मोऱ्या गाळाने तुंबलेल्या, पाणी डांबरावरून वाहतंय, साइडपट्ट्या खचलेल्या. गटारं उपसायला मजूर लावावेत एवढीही तरतूद जिल्हा कार्यालयाकडे नव्हती. कर्जाच्या करारात नवा रस्ता बसत होता, गटार उपसणं बसत नव्हतं. मग रस्ता पुरता उखडला की पुन्हा नवं कर्ज.

आता मलावी बघा. तिथल्या नर्स ब्रिटनला निघून चालल्या होत्या, वॉर्ड ओस पडले होते. २००४ पासून ब्रिटन आणि ग्लोबल फंड (एड्स, टीबी, मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी) यांच्या पैशातून सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्क्यांची भर घातली गेली, प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या. २००९ पर्यंत कर्मचाऱ्यांची संख्या निम्म्याहून जास्त वाढली. पैसा पगाराला आणि देखभालीला दिला की टिकतो, फीत कापायला दिला की वाहून जातो. तोडायचंच असेल तर यातलं काय तोडताय ते तरी बघा.

स्पष्टवक्ता:
मीच लिहिलं होतं ते, आणि आजही तेच म्हणतो. उदाहरणाला मलावीच सापडलं तुम्हाला? २०१३ चं कॅशगेट विसरलात? सरकारी हिशेबाच्या संगणकातून पैसे पळवले, नोटा गाड्यांच्या डिकीत सापडल्या, अर्थखात्याच्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. देणाऱ्यांनी थेट अर्थसंकल्पाला मिळणारी मदत थांबवली आणि सरकारचे हाल झाले. दुसऱ्याच्या पैशावर दवाखाने चालवले की असंच होणार.

आणि देणारे तरी धुतल्या तांदळासारखे आहेत का? मलेशियातलं पेर्गाऊ धरण. ब्रिटनने २३४ मिलियन पाउंड दिले, त्यामागे शस्त्रविक्रीचा सौदा. १९९४ मध्ये त्यांच्याच हायकोर्टाने ती मदत बेकायदा ठरवली. बांगलादेशाला बघा. जागतिक बँकेने २०१२ मध्ये पद्मा पुलाचं १.२ अब्ज डॉलरचं कर्ज भ्रष्टाचाराच्या आरोपावरून रद्द केलं, बांगलादेशाने स्वतःच्या पैशाने पूल बांधला, २०२२ मध्ये खुला केला. ६.१५ किलोमीटर! कुणाच्या दारात गेले नाहीत.

जमाखर्च:
दोघांनाही एक विचारतो. मदतीचा हिशेब कधी लिहिलाय? मी लिहिलाय, एका देशाच्या आरोग्य खात्यात सल्लागार म्हणून. प्रत्येक देणाऱ्याचं बँक खातं वेगळं, तिमाही वेगळी, फॉर्म वेगळा, ऑडिटर वेगळा. खात्यातला सगळ्यात हुशार अकाउंटंट एका परदेशी प्रकल्पाने दुप्पट-तिप्पट पगारावर उचलला आणि त्याच्याच जुन्या खात्यावर देखरेखीला बसवला. मागे उरलेल्या पोरांना बँकेचा ताळमेळ जमेना, म्हणून पुढच्या अहवालात शेरा आला: ‘सरकारी यंत्रणा कमकुवत, निधी स्वतंत्र खात्यातून द्यावा.’ मी तो अहवाल हातात घेऊन रडायचा बाकी राहिलो होतो. २००५ मध्ये पॅरिसला मदत देणाऱ्या-घेणाऱ्या देशांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या की घेणाऱ्या देशाचीच यंत्रणा वापरू. त्या सह्यांचं काय झालं ते मी रोज टेबलावर बघत होतो. यंत्रणा आधी पोखरायची आणि मग चोरी झाली म्हणून हात वर करायचे, याला माझा विरोध आहे.

पाणाड्या:
स्पष्टवक्ते, त्या जुन्या चर्चेत तुम्ही ‘परदेशी हातपंपांचं भंगार’ असंही लिहिलं होतं. त्यावर बोलू.

आपल्याकडे बोअरवेलवर आधी जे ओतीव लोखंडाचे पंप बसवले ते पाश्चात्त्य नमुन्याचे होते, एका कुटुंबापुरते. इथे अख्खं गाव दिवसभर दांडा मारणार. मोडणारच. त्यातून मार्ग काढला जालना आणि सोलापूरकडच्या ख्रिस्ती मिशनच्या बोअरवेलवाल्यांनी. पोलादी डोकं, दांड्याला एकच खीळ, पुढे साखळी. सोलापूर पंप म्हणतात तो हाच. युनिसेफने सत्तरच्या दशकात तो आधाराला घेतला, भारत सरकार आणि इथल्या कारखान्याबरोबर सुधारला आणि इंडिया मार्क टू हा हातपंप तयार झाला. आज आफ्रिकेत तो जागोजागी आहे. परदेशी पैसा होता, अक्कल इथल्या वर्कशॉपची होती.

स्पष्टवक्ता:
म्हणजे मिशनऱ्यांचं कौतुक! पाणी पाजून काय करायचे ते लोक, सगळ्यांना माहीत आहे.

पाणाड्या:
मी पंपाच्या खिळीबद्दल बोलतोय, तुम्ही धर्मावर घसरलात. दुष्काळात बोअर मारणाऱ्याची जात-धर्म विचारायला तहानलेला माणूस थांबत नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर हातपंप दुरुस्त केले. बकेट वॉशर म्हणजे दट्ट्याला बसणारी, हातात मावणारी वस्तू, पण ती बदलायला मार्क टूचे सगळे पाइप तिकाटण्याने वर ओढावे लागतात. गाडी हवी, माणसं हवीत. गाडीला डिझेल नाही म्हणून पंप बंद, आणि बायका पुन्हा डबक्यावर. पुढे मार्क थ्री आला, त्यात दट्ट्या पाइपातूनच वर काढता येतो. असली सुधारणा जन्मभर ज्यांनी पाइप ओढले त्यांना विचारूनच सुचते. तुम्ही त्यांना भंगारवाले म्हणालात, म्हणून मला राग आलाय.

रात्रपाळी:
पाणाड्यादादा, पंपाची दुसरी बाजूही आहे. बांगलादेशात सत्तरच्या दशकात युनिसेफच्याच मदतीने कूपनलिका खोदल्या, जुलाबाने मरणारी लेकरं वाचावीत म्हणून. पाण्यात आर्सेनिक हे विष आहे हे तिथे १९९३ मध्ये उघड झालं. हेतू चांगला होता, पण पाणी तपासत राहणारी प्रयोगशाळा कुणी उभी केली नव्हती.

मी नर्स आहे, परदेशात एचआयव्हीच्या क्लिनिकवर काम केलंय. २००३ मध्ये अमेरिकेने पेपफार, म्हणजे परदेशातल्या एचआयव्ही रुग्णांना मदतीचा कार्यक्रम, सुरू केला तेव्हापासूनची औषधं घेऊन जगलेली माणसं मी पाहिली आहेत. एका बाईचं कार्ड दुमडून दुमडून चिंध्या झालं होतं, तरी तारीख चुकवायची नाही. स्पष्टवक्ते, ‘स्वतःच्या पायावर’ म्हणता, त्या बाईच्या गोळ्या कोणत्या महिन्यापासून बंद करू?

स्पष्टवक्ता:
ताई, गोळ्या बंद करा असं मी कुठे म्हणालो? बरं, गोळ्यांचं आणि पगाराचं मान्य. पण इथिओपियाने नाईलवरचं मोठं धरण मुख्यतः देशातल्याच पैशातून, लोकांना रोखेही विकून बांधलं, २०२५ मध्ये उद्घाटनही झालं. याला उत्तर द्या.

रोडरोलर:
देतो. त्याच इथिओपियाने २००३ पासून गावोगावी तीस हजारांहून जास्त आरोग्यसेविका नेमल्या. पगार सरकारचा; लस, औषधं, प्रशिक्षण यांत परदेशी पैसा मोठा. धरण स्वतःचं आणि लस मदतीची, दोन्ही एकाच देशात चाललं. तुमच्या पद्मा पुलाचंही तसंच: व्यवहार्यता अभ्यास जपानच्या मदतीचा, आराखड्याला आशियाई विकास बँकेचा पैसा. पेर्गाऊबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, ते धरण लाजिरवाणंच होतं. त्यानंतर ब्रिटनला मदतीच्या पैशातून आपल्याच कंपन्यांकडून खरेदीची अट २००१ मध्ये काढून टाकावी लागली.

जमाखर्च:
अट काढली तरी कंत्राटं बरीचशी त्यांच्याच कंपन्यांना जातात. निविदेची पात्रताच अशी लिहितात की स्थानिक ठेकेदार पहिल्या पानावर बाद.

पाणाड्या:
आणि सुट्या भागांचं? पंप देणाऱ्याने वॉशर कुठे मिळेल ते करारात लिहावं, एवढीच माझी मागणी आहे. त्यावर कुणीच बोललं नाही.