नाशिकच्या रस्त्यांवर कोणती बाबागाडी टिकेल?

प्रेषक: इंदिरानगरची माहेरवाशीण

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात चार महिन्यांसाठी माहेरी नाशिकला चाललेय. लेक तेव्हा नऊ महिन्यांची होईल. इथे आम्ही दोघी रोज दीड-दोन तास पायी भटकतो, तिथेही ते सोडायचं नाहीये. आमची गाडी छत्रीसारखी मिटणारी, साडेसहा किलोची. आई म्हणते, "गाडी कशाला? कडेवर घेऊ की." पण तिचे गुडघे मला माहीत आहेत. हीच गाडी नेऊ की दणकट बघू? जॉगिंग ट्रॅकची चिंता नाही, बाजाराची आहे.

प्रेषक: पंचवटीची सून

अगं, ती छोट्या चाकांची अजिबात नेऊ नकोस. मी गेल्या वर्षी नेली होती. आठवडाभर गोदापार्कला मस्त चालली. मग एका संध्याकाळी मेन रोडवरून सराफ बाजाराकडे उतरत होते. दोन पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक गेलं, मी सवयीनं रेटलं आणि कट्कन आवाज. चाक धरणारा प्लास्टिकचा काटाच मोडला. एका कडेवर लेक, दुसऱ्या काखेत गाडी, मनगटावर मेथीची पिशवी अशी रिक्षा शोधत उभी राहिले. चुलत सासूबाई म्हणाल्या, "आता गाडीलाच कडेवर घ्यायची वेळ आली म्हणायची!"

कंपनीला (नाव घेत नाही) मेल केला, तर म्हणे चाक सुटं मिळत नाही, नव्या गाडीवर सूट देऊ. त्यात सिंहस्थ २०२७ चा, त्याची कामं निघालेली. कुठला रस्ता कधी उकरलेला असेल सांगता येत नाही.

प्रेषक: अण्णा

दोन्ही मुलींना आशीर्वाद.

मी ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होतो. मिगच्या चाकांखाली आयुष्य गेलं, तेव्हा या विषयात नाक खुपसायचा मला हक्क आहे. गंमत अशी, की छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी काढणारे ओवेन मॅक्लारेन हे विमानवालेच. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला माणूस. १९६५ साली त्यांनी ॲल्युमिनियमच्या हलक्या नळ्यांची गाडी केली. कल्पना अव्वल, पण ती गुळगुळीत फुटपाथवर हिंडायला आणि बसमध्ये टाकायला. आपल्याकडच्या फटींसाठी नव्हे.

गाडी घेताना रंग, कप ठेवायची जागा वगैरे सोडा, चाकं बघा. पाच-सहा इंची चाक फटीत बुडतं, दहा-बारा इंची वरून निघून जातं. मागचं चाक धरून आडवं हलवा. दुकानातच खडखडत असेल तर दोन महिन्यांत लंगडेल. पुढची चाकं गरगर फिरणारी असली तरी सरळ ठेवून लॉक करता आली पाहिजेत. खडबडीत रस्त्यावर लॉक करा, नाहीतर दगड लागला की चाक आडवं होऊन गाडी जागच्या जागी अडते. चाकाचा काटा धातूचा हवा. आणि चाक सुटं विकत मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा.

हवेची चाकं की भरीव? हवेच्या चाकाला धक्का कमी बसतो, पण ते पंक्चर होतं. नाशिकमध्ये त्याची फार भीती नको. बऱ्याच गाड्यांना साडेबारा इंची ट्यूब असते, लहान मुलांच्या सायकलीला असते तीच. टायरच्या बाजूवर माप छापलेलं असतं, ते सायकलवाल्याला दाखवायचं. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, फक्त टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे जाऊ देऊ नका. भरीव फोमला पंक्चर नाही, मात्र झिजला की चाकच बदलायचं.

फुटपाथवर चढताना दांडा खाली दाबून पुढची चाकं आधी वर घ्या. उतरताना गाडी फिरवा आणि मागची चाकं आधी उतरवा. पोरीला पाच पट्ट्यांचा बेल्ट कायम. सराफ बाजाराच्या उतारावर मनगटाचा पट्टा अडकवा, थांबलात की ब्रेक लावा. भाजीची पिशवी दांड्याला लटकवायचा मोह होतोच, पण पोरीला उचललं की गाडी मागे कलंडते. पिशवी खालच्या टोपलीत. मार्चमध्ये ऊन लागलं की गाडीवर ओढणी टाकून बंद करू नका, आत हवा कोंडून उकडतं.

आसाला गोडंतेल घालणाऱ्या आज्या मी पाहिल्यात. तेलाला धूळ चिकटून खरवड होते. आधी पुसा, अडकलेले केस-दोरे काढा, मग सिलिकॉनचा हलका फवारा, बस्स.

प्रेषक: इंदिरानगरची माहेरवाशीण

अण्णा, वाचून ताबडतोब खाली जाऊन आमच्या गाडीचं चाक हलवलं. खडखडतंय!

मंडळातल्या एका ताईंची जुनी तीनचाकी मिळतेय. बारा इंची हवेची चाकं, काटा धातूचा, वजन बारा किलो. मागचं एक चाक झिजलंय, पण ते सुटं मिळतं, मागवलंय. बाबांना रुंदी कळवली, ६४ सेंटिमीटर. त्यांनी लगेच टेप घेऊन लिफ्टचं दार मोजलं: ६८. जिना मात्र अरुंद आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लाइट गेली तर गाडी खाली वॉचमनकाकांपाशी राहील, असं बाबांनी त्यांच्याशी आत्ताच ठरवून टाकलंय. तुमच्यासाठी येताना चिवडा आणते, तिखट की मध्यम?

प्रेषक: अण्णा

तिखट.